बांधापलीकडचा बोअर

धारूरच्या माळावर माझं आणि धाकट्या चुलतभावाचं रान एकाच बांधाला लागून आहे. त्याचा बोअर कोरडा होता, तोवर आमचं लई जमायचं. मग त्यानं खडक फोडायचं मशीन आणलं. बोअरमध्ये रबरी बूच घट्ट बसवून टँकरचं पाणी जोरानं खाली दाबलं.

“कोरड्या बोअरला पाणी पाजतो का बे?” मी म्हणालो. जमलेले सगळे हसले, तोही हसला.

दाबाचा काटा चढत गेला आणि एकदम पडला. मशीनवाला म्हणाला, “फुटला खडक. आता भेग तांबड्या थरातून आडवी पळती.” ती माझ्या बोअरकडं पळावी आणि पाणी मला लागावं, असं मला मनापासून वाटलं. पण पाणी त्यालाच लागलं.

उन्हाळ्यात माझा बोअर आटला. तो खांद्यावर पाईप घेऊन बांधावर आला.

“दादा, माझं पाणी तुमच्या मोसंबीला जोडा की.”

“हाय मला पाणी,” मी म्हणालो.

मोसंबी वाळली. त्यानं भेग पाडून माझं पाणी ओढलं, असं मी गावभर सांगितलं. माझा बोअर दर उन्हाळ्यात आटतो, हे त्यालाही ठाऊक होतं. तो कुणाला काही बोलला नाही. त्याचाही मला रागच आला.