नाल्यातलं पांढरं पाणी

लीलाधर नाना एस.टी.तून निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. पाचोऱ्याच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभी हयात भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात घालवली. आता गल्लीत कुणी कचरा घंटागाडीऐवजी कोपऱ्यावर टाकला, तर ती बातमी ते चार गल्ल्यांना ऐकू जाईल अशी पुकारत. माणूस लबाड मात्र नव्हता. फुटलेली जलवाहिनी, बंद पडलेला दिवा, मोकाट डुकरं, या सगळ्यांसाठी पालिकेत खेटे घालायचे ते नानांनीच. लोक त्यांना हसत, आणि नळाला पाणी आलं नाही की पहिला फोन त्यांनाच करत.

गल्लीच्या मागून पावसाळी नाला जातो. पावसाचं पाणी नदीत नेऊन सोडायचं आणि एरवी कोरडं पडून राहायचं, एवढंच त्याचं काम. पण ऐन वैशाखात, सकाळी फिरायला गेलेल्या नानांना नाल्यावरच्या फरशीपुलाखाली पांढरंफटक पाणी दिसलं. वर फेस, आणि नाकाला झोंबेल असा आंबूस वास. नानांनी रुमाल नाकाला लावला आणि आजूबाजूला पाहिलं. फरशीला लागूनच स्वप्नीलचा गोठा.

स्वप्नील म्हणजे नानांचे दोस्त भाईदास ड्रायव्हर यांचा मुलगा. वडील गेल्यावर त्यानं म्हशी वाढवल्या आणि गेल्या दिवाळीपासून पनीरही सुरू केलं. पनीर केलं की पांढरं, आंबट पाणी उरतं, हे नानांना ठाऊक होतं. त्यांना आणखी पुराव्याची गरज वाटली नाही.

ते तसेच पालिकेत गेले. "नाल्यात दूषित पाणी सोडलं जात असल्याचा संशय आहे," असं त्यांनी सांगितलं. समोरच्या कारकुनानं विचारलं, "संशय कोणावर?" नानांनी नाव सांगितलं, तेही असं की बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकावं. घरी येताना, सकाळी काढलेला पाण्याचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. खाली स्वप्नीलचं नाव, आणि त्याखाली 'जागरूक नागरिक'. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. नाना खूश झाले.

हा पाऊस गोठ्यावरही पडला. ज्याचं सांडपाणी असं त्याचं दूध कसं असेल, म्हणत गल्लीतल्या निम्म्या घरांनी रतीब बंद केला. एका लग्नघरानं पनीर नको म्हणून कळवलं. स्वप्नील कुणाशी भांडला नाही. उरलेलं दूध डेअरीला घालू लागला.

घरी नानांची बायको कोकिळाबाई वेगळ्याच धांदलीत होत्या. त्यांच्या बचत गटाला जळगावच्या प्रदर्शनासाठी कुरडयांचं मोठं काम मिळालं होतं. मागच्या अंगणात बायकांचा गलका, पातेली आणि गच्चीवर पसरलेल्या साड्या. नाना पुढच्या ओट्यावरून आत ओरडले, "वास आता थेट घरात यायला लागलाय!" कोपरापर्यंत हात भरलेल्या कोकिळाबाई म्हणाल्या, "चार दिन सोसा. काम उरकनं की जाई." नानांना वाटलं, ही पालिकेच्या कामाबद्दल बोलते आहे. बायकोला आपल्या लढ्याची कदर आहे, हे पाहून ते सुखावले.

पालिकेच्या स्वच्छता निरीक्षक पुनमताई आल्या. वयानं तरुण, कामाला चोख. नाना त्यांना रुबाबात फरशीपाशी घेऊन गेले. पुनमताईंनी पाणी पाहिलं, वास घेतला आणि गोठ्याकडे न जाता नाल्याच्या काठानं उलट्या दिशेनं वर चालू लागल्या.

"ताई, गोठा इकडे आहे," नाना म्हणाले.

"हो, पण पाणी गोठ्याच्या वरही पांढरंच आहे, नाना."

नानांची चाल मंदावली. बाई चालत राहिल्या. पांढरं पाणी एका वळणापर्यंत आलं, दुसऱ्या वळणापर्यंत आलं आणि एका घराच्या मागच्या भिंतीशी संपलं. तिथे मोरीचा पाइप नाल्यात सोडलेला होता. पाइपातून पाणी येत होतं आणि भिंतीपलीकडून कोकिळाबाईंचा आवाज येत होता.

पुनमताईंनी हाक मारली. कोकिळाबाई पदराला हात पुसत मागच्या दारात आल्या आणि एका नजरेत सगळं समजल्या.

"कुरडयासनं पाणी शे ते," त्या म्हणाल्या. "आपलंच."

कुरडईसाठी गहू दोन-तीन दिवस भिजवून आंबवतात. मग वाटून चीक काढायचा. चीक खाली बसला की वरचं आंबट पाणी ओतून द्यायचं. खानदेशातल्या पोराटोरांना हे माहीत असतं. नाना मात्र लग्नसराईच्या गर्दीमुळे दर उन्हाळ्यात स्थानकावर असत. त्यांची कुरडईशी भेट ती तळून ताटात पडल्यावरच.

"इतला वरीस कुरडया खाई राह्यनात," कोकिळाबाई म्हणाल्या, "तिसनं पाणी कोठे जास, कधी इचारं का?"

नानांनी पाइपाकडे पाहिलं. हा पाइप घर वाढवताना त्यांनीच टाकून घेतला होता.

पुनमताईंनी समजुतीनं घेतलं. पाइप बंद करा, हे पाणी पुन्हा नाल्यात नको, म्हणाल्या. अहवालात 'घरगुती सांडपाणी, समज दिली' एवढंच येईल, गल्लीत कुणाला नाव सांगायची गरज नाही. नानांचा जीव भांड्यात पडला. त्या गेल्यावर ते हळूच म्हणाले, "चला, मिटलं."

"आपलं मिटनं. स्वप्नीलनं काय?" कोकिळाबाईंनी विचारलं. "जठे तुम्ही त्यानं नाव लिखं, तठेच आपलं लिखा."

नाना चिडले. लोक काय म्हणतील, तुझ्या गटाचं काम जाईल, असं बरंच बोलले. कोकिळाबाईंनी ऐकून घेतलं. "काम गयं ते गयं," म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारभर त्यांनी फोन हातात घेतला आणि ठेवला. शेवटी ग्रुपवर लिहिलं: 'नाल्यातलं पाणी माझ्या घरचं होतं. स्वप्नीलचा काही दोष नाही. मी खोटं नाव घेतलं.' या वेळी अंगठा एकाचाही आला नाही.

आता पाणी टाकायचं कुठे? गावाकडे चीक काढून उरलेला गव्हाचा चोथा गुरांना जातो आणि पाणी उकिरड्यावर. गल्लीत गुरं होती ती स्वप्नीलकडेच. कोकिळाबाईंनी चोथ्याची बादली आणि पाण्याचा कॅन भरून नानांच्या स्कूटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "जा."

स्वप्नील धार काढत होता. तो उठला नाही. नाना दारातच उभे राहिले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज जेमतेम त्याच्यापर्यंत पोचला.

"माझं चुकलं, बेटा. हे पाणी उकिरड्यावर ओतू का?"

"वता."

नानांनी कॅन उकिरड्यावर रिकामा केला. स्वप्नीलनं धार संपवली, चोथा म्हशींपुढे टाकला आणि बादली धुऊन नानांच्या हातात दिली.

"पालिकालगून गयात तुम्ही, नाना," तो म्हणाला. "मना गोठाना दरवाजा ते वाटवरच शे."

एरवी इथे आलं की नानांसाठी खाट टाकली जायची, चहा व्हायचा. आज स्वप्नील दुसऱ्या म्हशीखाली बसला, आणि नाना रिकामी बादली घेऊन उभ्याउभ्याच परत निघाले.