वेळेचा रकाना

मुलांनो, परवा धाकट्या नातीने फोनवर मला तिचं नवं काम समजावून सांगितलं. एक संगणक एकच निरोप एकाच वेळी शंभर संगणकांना पाठवतो, आणि तो प्रत्येकाकडे नेमका किती वाजता पोचला याची नोंद खरी यावी, हे तिला पाहायचं असतं. "आजी, तुला हे कंटाळवाणं वाटेल," असंही ती म्हणाली. मुळीच वाटलं नाही. भंडाऱ्याला मी हेच काम केलं आहे आणि त्यात एक मोठी चूकही केली आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पावसाळ्याचे चार महिने माझ्याकडे पूर नियंत्रण कक्षातल्या बिनतारी संदेशांचं काम असे. खोलीत एक वायरलेस संच आणि भिंतीवर एक घड्याळ. वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी आमची अकरा ठाणी होती. प्रत्येक ठाण्यावर असाच संच, असंच घड्याळ आणि एक ऑपरेटर. सकाळी बरोबर आठला मी "आता आठ वाजले" म्हणायची, की सगळे आपली घड्याळं माझ्या घड्याळाशी जुळवत. पाच मिनिटांनी पाण्याच्या पातळीचा संदेश एकदाच वाचायचा. तो अकरा जणांच्या कानावर एकदमच पडे. प्रत्येकाने तो छापील फॉर्मवर उतरवून मिळाल्याची वेळ लिहायची. फॉर्म मीच आखला होता. नागपूरला इंग्रजीतून शिकलेली मी. रेषा, रकाने, अनुक्रम यांवर माझा फार विश्वास. कार्यालयात माझ्या फॉर्मची वाखाणणी झाली होती.

त्या वर्षी साहेबांनी सगळ्या ठाण्यांचे महिनाभराचे फॉर्म मागवले आणि मला बोलावलं.

"बाई, हे बघा. बपेरा तिकडे मध्य प्रदेशच्या सीमेवर. तिथे संदेश आठ-पाचला मिळतो. साकोलीला आठ-नऊला. आणि कारधा? नदीच्या पलीकडे, आपल्या खिडकीतून दिसतं. तिथे आठ-एकवीस! कारध्याला वायरलेस काय बैलगाडीने जातो?"

मी म्हटलं, "साहेब, तिथले ऑपरेटर फार नीटनेटके आहेत."

"नीटनेटके असतील. पाणी चढत असताना सोळा मिनिटं झोपणारा माणूस मला नको. हंगाम संपला की त्यांना कमी करा."

कारध्याचे ते ऑपरेटर दोन वर्षांपासून हंगामी होते आणि त्या वर्षी कायम होण्याच्या यादीत त्यांचं नाव होतं. त्यांच्या घरात पगाराची नोकरी मिळालेले ते पहिलेच. त्यांचे फॉर्म मी साहेबांपुढून उचलले. एकावरही खाडाखोड नव्हती. झोपाळू माणूस असं लिहीत नाही, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला संचावर बसवून मी पूल ओलांडून कारध्याला गेले. आठ वाजले. त्यांनी घड्याळ जुळवलं आणि संचाला कान लावून बसले. आठ-पाचला संदेश सुरू झाला, तशी त्यांची पेन्सिल कच्च्या कागदावर भराभर चालली. एक आकडाही सुटला नाही. मग त्यांनी फॉर्म काढला, पट्टी ठेवली, शाईच्या पेनाने एकेक रकाना सुवाच्य अक्षरात भरत गेले. सगळ्यात शेवटी मान वर करून घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: आठ वाजून वीस मिनिटे.

"भाऊ, संदेश तर तुम्ही केव्हाच ऐकलात. वेळ आत्ता काहून लिहिली?"

ते गोंधळले. "बाई, मी त तुमच्या कागदावर जसं हाय तसंच भरून राहिलो. वेळ सर्व्यात खालती हाय ना? वरून खाली भरत यायचं, असं तुमीच सांगतलं होतं. काई चुकलं का?"

फॉर्म माझ्यासमोर होता. ठाण्याचं नाव, पातळी, पाऊस, शेरा, सही, आणि अगदी तळाला 'मिळाल्याची वेळ'. क्रम माझा, सूचनाही माझी. माझं सगळ्यात जास्त ऐकणारा माणूस सगळ्यात उशिराचा ठरला होता.

परत येऊन मी बपेऱ्याच्या ऑपरेटरला संचावर विचारलं, तुम्ही वेळ कधी लिहिता? पलीकडून हसल्याचा आवाज आला. "पैलेच लिवून टाकतो बाई. नाई त मंग इसरून जातो. रागावू नका. ओव्हर."

साहेबांना मी दोन्ही ठाण्यांवरचा प्रकार सांगितला आणि सरळ म्हटलं, "चूक फॉर्मची आहे, आणि फॉर्म माझा आहे. संदेश कानावर पडल्याची वेळ हवी होती. मी लिहून संपल्याची वेळ मागत होते."

"म्हणजे नियम मोडणारा बपेऱ्याचा माणूस बरोबर?"

"हो साहेब. उद्या आठला इथे बसा."

ते बसले. त्या सकाळी मी संदेशाआधी अकरा जणांना बजावलं: पहिला शब्द ऐकताच घड्याळ पाहा, वेळ लिहा, बाकी सगळं मागाहून. संदेश संपल्यावर एकेकाला वेळ विचारली. आठ-पाच. आठ-पाच. आठ-पाच. कारधाही आठ-पाच. साहेबांनी कायम होणाऱ्यांची यादी मागवून घेतली आणि कारध्याच्या नावापुढे आपणच मारलेली लाल रेघ खोडली. उरलेल्या कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे मी घरी नेले आणि रविवारभर बसून प्रत्येकावर पट्टीने वरच्या कडेला नवा रकाना आखला.

धाकटी सांगते, त्यांच्याकडेही वेळेचा शिक्का निरोप यंत्राच्या दारात शिरतानाच मारावा लागतो. आतल्या प्रोग्रामने सवडीने वाचल्यावर मारला तर सगळं चुकतं. तिचा हिशेब सेकंदाच्या बारीक तुकड्यांचा, आमचा मिनिटांचा. पण शिक्का कुठे मारायचा, ते मला कारध्याच्या टेबलावर कळलं.

कायम झाल्याचा कागद न्यायला ते ऑपरेटर आले, तेव्हा दारातच थांबून त्यांनी विचारलं, "बाई, वेळ आता पैले लिवतो. पन बाकीचं अक्षर चांगलं काढलं त चालते ना?"

"चालतं," मी म्हटलं. "पट्टीसुद्धा ठेवा."