आबांची हजेरी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात दोनच माणसं होती, मी आणि माझे वडील. त्यांना मी आबा म्हणायची. गावापासून चार मैलांवर, पारनेरच्या वाटेला, सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं होतं. आम्ही दोघं तिथं माती काढायला जायचो. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास. आमच्या पारध्यांच्या वस्तीवर एवढं शिकलेली मी एकटीच. त्याची मला घमेंडही होती, कशाला लपवू?

दिवस कलला की आबा कुदळ टाकून गावाकडं निघायचे. चावडीत पोलीस पाटलांपुढं चपला काढून उकिडवं बसायचं, "हजर हाय" म्हणायचं आणि वहीत अंगठा उठवायचा. गोऱ्या साहेबानं आमची अख्खी जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली होती, तेव्हापासूनची ही हजेरी. आज्यानं ती जन्मभर दिली, त्याच्यामागं आबा देत होते. तो कायदा माझ्या जन्माच्या सुमारास रद्द झाला. वही तेवढी चालू राहिली. एक भरली की पाटील दुसरी आणायचे.

तलावावर खोदलेल्या खड्ड्यांची मोजणी, जिच्यावर मजुरी ठरायची, ती संध्याकाळीच व्हायची आणि नेमके तेव्हाच आबा नसायचे. शेवटी मुकादमानं बजावलं, "सोमवारपास्नं मोजनीला थांबला न्हाईस तर मस्टरवरनं तुजं नाव काढीन." नाव गेलं की चूल बंद. माझं डोकंच फिरलं.

मी पारनेरच्या वाचनालयात बसून कायदा रद्द झाल्याचा मजकूर उतरवून घेतला आणि पाटलांपुढं ठेवला. पाटील तसे वाईट नव्हते. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"पोरी, अक्षर लई झ्याक हाय तुजं. पर शिक्का कुठाय?"

शिक्का आणायला मी मामलेदार कचेरीत गेले. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, कायदाच नाही म्हटल्यावर हजेरीही नाही. जी गोष्ट कागदोपत्री चालूच नाही, ती बंद करायचा हुकूम कसा काढायचा?" वर हसला. मी कचेरीच्या पायरीवर बसून रागानं रडले. रडता रडता लक्षात आलं, मीही त्याच माळेतली. मोकळं व्हायचं होतं, तर त्याचीही परवानगी मागत दारोदार फिरत होते. साहेब कधीच निघून गेला होता, पण सहीशिक्क्याचा धाक पाटलांच्या, कारकुनाच्या आणि मॅट्रिक पास माझ्याही डोक्यात ठेवून गेला होता.

घरी येऊन आबांना सांगितलं, "सोमवारी हजेरीला जायचं न्हाई."

"तुला काय कळतंय? गावात चोरी झाली की पोलीस आदी आपल्या दारात येत्यात. वहीतला अंगठा हाच माजा साक्षीदार हाय."

"तुमी कदी चोरी केली, आबा?"

"न्हाई."

"मग साक्षीदार कशाला लागतो?"

त्यांना हे विचारताना मला माझीच लाज वाटली, पण मी हट्ट सोडला नाही.

सोमवारी दिवस कलला. आबांची कुदळ थांबली आणि त्यांची नजर गावाच्या वाटेला लागली. तेवढ्यात मुकादम टेप घेऊन आला. मी टेपाचं टोक आबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा." त्यांनी धरलं. पण गावाकडं बघता बघता टोक हातातून सुटलं, मुकादमाला दोनदा मापावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटील सायकलवरून तलावावर आले. ते काठावर उभे राहिले, आबा खाली खड्ड्यात.

"काल आला न्हाईस?"

"न्हाई आलो. हितनं म्होरं येनार बी न्हाई."

"आन् गावात चोरी झाली तर?"

"चोराला धरा, पाटील."

आबा जन्मात कधी पाटलांशी असं बोलले नव्हते. पाटील सायकल वळवून निघून गेले.

महिन्याभरात गावात चोरी झाली. पोलिसांनी आबांना उचललंच. तिसऱ्या दिवशी सोडलं, कारण माल दुसऱ्याच कुणाकडं सापडला होता. आबा तिथून थेट तलावावर आले. ओठ सुजलेला, एक डोळा मिटलेला. मला बघवेना. हे सगळं माझ्यामुळं झालं होतं. मी म्हणाले, "आबा, चुकलं माजं. आजपास्नं जावा हजेरीला, मी काय बी म्हननार न्हाई."

आबांनी माझ्या हातातली कुदळ काढून घेतली.

"मोजनीला किती येळ हाय अजून?" त्यांनी विचारलं आणि खड्ड्यात उतरले.