वावटळीत उभा राहणारा दादा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याला ऑफिसात होते. हसनाबादच्या गाडीत बसले तरी डोक्यात एकच घोळत होतं, आता वहिनीचं काय... हा माझा थोरला भाऊ गावच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि त्याला वावटळीचं भारी वेड. आमच्याकडे उन्हाळ्यात वावटळ उठली की माणसं तिच्यावर थुंकतात, चप्पल फेकून मारतात. आत भूत असतं म्हणे. दादा सरळ आत जाऊन उभा राहायचा आणि पांढऱ्या सदऱ्याचं मातेरं करून बाहेर यायचा. "तापल्या जमिनीची हवा हाय, गरगरत वर चालली. काय खाती का तुमाला?" लग्नानंतर वहिनीही डोळे मिटून त्याच्या शेजारी उभी राहू लागली. त्याला कोण अभिमान त्याचा!

तिथंच घोटाळा झाला. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही तिघं शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करत होतो. आभाळ काळंठिक्कर पडलं, गडगडलं आणि ढगाच्या पोटातून एक सोंड खाली उतरली. ती हलत नव्हती, नुसती जाड होत होती. वहिनी हसत उभी. "वावटळच तर हाय," म्हणाली.

"अगं, ही ढगातून उतरली! हलत न्हाई म्हंजी आपल्याकडंच येऊन राह्यली!" दादा किंचाळला. त्यानं आम्हाला तिच्या वाटेतून आडवं पळवलं आणि नाल्यात पालथं पाडलं. गोठ्याचे पत्रे शेजारच्या शिवारात सापडले. याला टोर्नेडो म्हणतात, हे त्यानं नंतर सांगितलं.

तेव्हापासून वहिनी साध्या वावटळीलाही दार लावून घ्यायची. दादा शाळेत आणि घरी परत परत समजावायचा: जमिनीवरून उठली, आभाळ निरभ्र असलं, तर भ्यायचं नाही, ढगातून उतरली तर पत्र्याखाली न थांबता खोलगट जागा गाठायची. पोरांना पटलं. वहिनी मान डोलवायची आणि दार लावायची. "माझ्यामुळं भ्याली ती," शेवटच्या दुखण्यातही तो हेच म्हणत राहिला. मला राग यायचा, किती जिवाला लावून घ्यायचं माणसानं!

परवा हसनाबादला गेले होते. भर दुपारी अंगणात वावटळ उठली. मी दार लावायला धावले तर वहिनीनं माझा हात धरला. उंबऱ्यातून वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. मग ती अंगणात उतरली आणि डोळे मिटून उभी राहिली. पदर, पाचोळा, धूळ, सगळं तिच्याभोवती गरगरलं आणि पुढं निघून गेलं. केसांतला कचराही न काढता ती पायरीवर येऊन बसली.

"बिलकुल काय झालं न्हाई," म्हणाली, आणि हमसून रडायला लागली. "हे बघाया पाह्यजे व्हते ते."