सुषमाची पहिली बोंब

"माझ्या ब्रँचमध्ये कोण शिरलं होतं?"

कैलासने हेडफोन काढून गळ्यात टाकला आणि खुर्ची गर्रकन फिरवली. खरं तर हे विचारायची गरज नव्हती. तळेगावच्या त्या ऑफिसात माणसं अशी कितीशी? मालकीण माधवीताई, पडद्यावर चित्रं आणि रंग जुळवणारी रेणुका, कोड लिहिणारा कैलास आणि नवीन आलेली सुषमा. शिवाय कैलासच्या स्क्रीनवर नाव होतंच. कुठली ओळ खोडली ती लाल, कुठली घातली ती हिरवी, आणि वर ठळक अक्षरांत 'सुषमा'. बाजूला तिनेच लिहिलेली टीप : 'थोडं नीट केलं.'

"मी," सुषमा म्हणाली. "ते जरा वाकडं दिसलं म्हणून."

"वाकडं?" कैलास रेणुकाकडे बघून हसला, पण हसू काही खरं नव्हतं. "ऐकलंस? वाकडं दिसलं. अगं बाई, सकाळपासून मी त्याच फायलीत बसलोय. आता माझं काम वर चढत नाही. म्हणतंय, आधीच कुणीतरी बदल केलाय, भांडण मिटवून या. आणि वर सगळ्या गावाला दिसतंय, कैलासची कुठली कुठली ओळ बाईसाहेबांनी सुधारली ते."

सुषमाचे कान तापले. कुणाला काही दिसू नये म्हणूनच तर तिने ते केलं होतं.

हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. लोणावळ्याच्या मागे, डोंगराच्या कडेला तिची उंबरवाडी. तिथे भाताची लावणी सावडीने होते. आज सगळ्या बाया तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. ओळीने वाकायचं आणि मागे मागे सरत रोप लावत जायचं. एखादीची ओळ वाकडी गेली, तर शेजारची काही बोलत नाही. ती पाणी प्यायला गेली की हात लांब करून चार रोपं उपटायची आणि सरळ लावायची. ती परत येते, बघते, तीही बोलत नाही. सुषमा हे लहानपणापासून करत आली होती. कैलास चहाला गेला तेव्हा तिने तेच केलं. नावं जरा गबाळी दिली होती, ती बदलली. मोकळ्या जागा सारख्या केल्या. बस.

फक्त या खाचरात कुणी कुठलं रोप हलवलं, हे चिखल लिहून ठेवत होता.

माधवीताईंनी पहिल्याच दिवशी तिला गिटहबवर खातं उघडून दिलं होतं. "हे बघ, मूळ कोड इथे राहतो. त्याला थेट हात लावायचा नाही. आपली वेगळी फांदी काढायची, तीच ब्रँच. तिच्यात हवी ती मोडतोड कर. झालं की कमिट करायचं, म्हणजे काय केलं ते टिपून ठेवायचं. मग विनंती पाठवायची की बाबांनो, माझं काम बघा. दुसऱ्याने बघितलं, पास केलं, की मगच ते मूळ कोडमध्ये जातं."

"आणि चुकलं तर?"

"तर मागे जाता येतं. इथे काही हरवत नाही."

ते ऐकून सुषमाला हायसं वाटलं होतं. काही हरवत नाही याचा अर्थ काही लपतही नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

कैलास ओरडला त्या दुपारी ताईंनी तिला बाहेर बाकावर बसवलं. "सुषमा, कोड तू चांगला लिहितेस. खोटं नाही सांगत. पण हे काम नुसतं लिहायचं नाहीये, बोलायचंही आहे. दुसऱ्याचं काम बघायचं आणि खटकलं तर तिथेच, सगळ्यांसमोर, लिहायचं. तुझे उमेदवारीचे तीन महिने या महिनाअखेर संपतात. मला ठरवावं लागेल."

ठरवावं लागेल. नाही ठरलं तर काय, ते सुषमाला पाठ होतं. लोणावळ्यातलं ते रिसॉर्ट, काउंटरमागे उभं राहून 'वेलकम सर', आणि गुडघाभर चिखल घेऊन आलेल्या पाहुण्यांना 'शूज बाहेर काढा' हे हसत सांगणं. कॉलेजचा कॉम्प्युटरचा कोर्स पुरा करूनही वर्षभर तिने तेच केलं होतं.

म्हणून ती बोलायला लागली. म्हणजे, तिला तसं वाटलं. रेणुकाचं काम आलं, तिने लिहिलं, 'छान आहे.' कैलासचं आलं, 'छान आहे.' ताईंचं स्वतःचं आलं, 'खूप छान आहे.'

"हे काय?" ताई म्हणाल्या. "रिव्ह्यू आहे की लग्नातला आहेर? आलं पाकीट, दिलं पाकीट."

रेणुका फिस्सकन हसली. सुषमाही हसली. हसल्याशिवाय दुसरं काय करणार?

शुक्रवारी कैलासचं मोठं काम तिच्याकडे बघायला आलं. एका आरोग्य संस्थेसाठी ते वेबसाइटचं एक पान बनवत होते. संस्थेच्या नर्सबाई पावसाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवर जातात. कुठली वाट चालू, कुठली बंद, ते पानावर दिसायला हवं होतं. वाडीवरचं कुणीतरी फोन करून कळवणार, वाट बंद असेल तर नाव लाल, चालू असेल तर हिरवं. मंगळवारी पान सुरू व्हायचं होतं.

सुषमाने कोड वाचला. सफाईदार होता. नावंसुद्धा यावेळी नीट होती. तिने आपल्याच वाडीचं नाव घालून करून बघितलं. कुणाचाही फोन आलेला नाही, असं धरलं.

उंबरवाडी. हिरवी.

ती थबकली. पुन्हा केलं. पुन्हा हिरवी. कैलासने साधा हिशेब धरला होता. 'बंद' असं कुणी कळवलं तर लाल, नाहीतर हिरवं. म्हणजे वाडी गप्प असली की वाट चालू. आणि उंबरवाडी गप्प कधी असते, ते सुषमाला माहीत होतं. दरड येते, वीज जाते, तासाभरात फोनची रेंज जाते. ज्या दिवशी सांगण्यासारखं असतं, नेमकं त्याच दिवशी तिथून फोन लागत नाही.

तिने टिप्पणीची चौकट उघडली. 'दादा, इथे' एवढं लिहिलं. कैलासचा तो आवाज कानात वाजला, 'सगळ्या गावाला दिसतंय'. तिने ते दोन शब्द खोडले. 'सोमवारी बघते' म्हणाली आणि लोणावळ्याची लोकल पकडली.

रविवारी त्यांच्या वाडीत भागूबाईच्या खाचरात लावणी होती. सुषमाही उतरली.

"आली का कंपुटरवाली!" भागूबाई ओरडली. "ए येसू, तुझी लेक वाकती का अजून, का खुर्ची लागंल तिला?"

"तुझ्यापरीस बरी वाकती," सुषमाची आई येसू म्हणाली. "तू तुझी ओळ बघ."

खरंच भागूबाईची ओळ बांधाकडे सरकत चालली होती. ती डोक्यावरची पावसाची खोळ नीट करायला वळली तशी येसूने हात लांबवला, तीन रोपं सरळ केली आणि तोंडाने गाणं तसंच चालू ठेवलं. सुषमाने ते बघितलं आणि तिला एकदम रडू आल्यासारखं झालं. असं करायला गेले तर तिकडे नोकरी जायची वेळ आली.

आणि मग येसू अशी काही ओरडली की पलीकडच्या झाडावरचे बगळे उठले.

"आगं ए भागे! बांध फुटलाय तुझा! डोळं हायती का भोकं?"

वरच्या अंगाला बांधाला हातभर भगदाड पडलं होतं आणि पाणी लाल होऊन खालच्या खाचरात धावत होतं.

"मग बोंबलतीस काय नुसती! माती घे की!"

"घेतलीया, तू दगड आन! पोरी हो, हिकडं या समद्या!"

येसूने चिखलाचा हा एवढा गोळा पोटाशी धरला होता. ती ओरडत होती आणि ओरडता ओरडता भगदाडात माती थापत होती. भागूबाई तिला शिव्या देत होती आणि दगड रचत होती. शेवटी पाणी थांबलं. दोघी बांधावर बसल्या, भागूबाईने कमरेची पिशवी सोडली आणि येसूला पान लावून दिलं.

"आये," सुषमाने हळूच विचारलं, "तू एवढ्या मोठ्यानं ओरडलीस, भागूमावशीला राग न्हाई आला?"

"राग? कशाचा?" येसूला प्रश्नच कळला नाही. "पाणी चाललंतं न्हवं! ऊठ, त्या मुठी हिकडं टाक."

सुषमा रोपांच्या मुठी टाकत राहिली. दिवसभर तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. वाकडी ओळ ही भागूबाईची होती. फुटलेला बांध एकट्या भागूबाईचा नव्हता, त्यातलं पाणी सगळ्यांच्या खाचरांतून जाणार होतं. ती आजवर दोन्हींना एकच माप लावत होती.

सोमवारी ती ऑफिसात आली ती थेट चौकट उघडून बसली. तिने वेगळी ब्रँच काढली, कोडमध्ये तिसरा रंग घातला. दोन दिवस काही कळलं नाही तर राखाडी, आणि खाली 'माहिती नाही'. मग कैलासच्या कामाखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं :

'दादा, बांध फुटलाय. ज्या वाडीकडून काहीच कळत नाही ती हिरवी दिसतेय. माती मी आणलीय, माझी ब्रँच बघा.'

आणि बटण दाबलं. 

"बांध फुटलाय?" कैलासने मोठ्याने वाचलं. रेणुकाने मान वर केली. "सुषमा, हे काय गं? कळवलं नाही म्हणजे बंद आहे असं थोडंच आहे?"

"चालू आहे असंही नाही."

"संस्थेला दोनच रंग पाहिजेत. 'माहिती नाही' असं सांगितलेलं कुणाला आवडतं?"

"नाही आवडणार. पण आमच्याकडे दरड पडली की आधी रेंज जाते. मग तुमच्या पानावर आमची वाट हिरवीगार. ते बघून नर्सबाई निघणार." तिचा आवाज चढला होता, आणि तिला ते थांबवायचं नव्हतं. "आणि निघाल्या की वाटेत त्यांचाही फोन लागणार नाही."

कैलास स्क्रीनकडे वळला. त्याने तिची ब्रँच उघडली, वरून खाली वाचली, पुन्हा वर गेला.

"हे तू शुक्रवारीच बघितलं होतंस?"

"व्हय." वाडीचा शब्द तोंडून निसटला.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही मागच्या वेळी किती ओरडलात!"

"मागच्या वेळी तू मी चहा पीत असताना माझ्या घरात शिरून भांडी लावून ठेवली होतीस!" तो म्हणाला. "आता दार वाजवलंस. फरक नाही का?" जरा थांबून तो पुटपुटला, "शिरगावला आमचंही भात होतं. आता सोसायटी आहे तिथे. बांध फुटला की काका असाच बोंबलायचा." आणि त्याने तिचा बदल आपल्या कामात घेतला.

मंगळवारी पान सुरू झालं. उंबरवाडी राखाडी होती. संस्थेतून फोन आलाच, 'हा रंग कसला?' तो कैलासने घेतला आणि त्यांना समजावून सांगितलं. सुषमाचं नाव मात्र त्याने घेतलं नाही. तिला ते थोडं लागलं. पण मग तिच्या लक्षात आलं, नाव तर तिथे होतंच. हिरव्या ओळींच्या शेजारी, कायमचं.

महिनाअखेरीला ती आपल्या पिशवीत लोकलचा पास शोधत होती.

"संपला का?" माधवीताईंनी जाता जाता विचारलं.

"उद्या संपतोय."

"मग आता तीन महिन्यांचाच काढ. स्वस्त पडतो," ताई म्हणाल्या आणि फोनवर बोलत बाहेर गेल्या.

सुषमाने हसत पिशवी बंद केली. मग स्क्रीनकडे वळली. तिचं नवं काम बघायला कैलासकडे गेलं होतं आणि त्याने खाली रांगेने शेरे मारले होते. हे लांबलंय. याचं नाव काही कळत नाही. हे का? आणि शेवटी : 'बांध फुटलाय. यावेळी माती तूच आण, मी जेवायला चाललो.'

तिचे कान पुन्हा तापले. तिने एकेक शेरा वाचला. बरेचसे खरे होते. एक मात्र नव्हता.

त्याखाली तिने लिहिलं, 'दादा, हे मला पटत नाही. सांगते का ते.' आणि खुर्ची पुढे ओढली.