घाबरल्यावानी होते

माझा धाकटा भाऊ फुटबॉल खेळून पोट भरतो. गोव्याच्या एका क्लबात गोलकीपर आहे. सेवाग्रामजवळ वांगी-टोमॅटो पिकवणाऱ्या आमच्या घरात हा प्राणी कुठून निपजला, ते आम्हाला अजून उमगलेलं नाही.

मार्चमध्ये, ऐन मोसमात, तो अचानक घरी आला. "ताई, मले घाबरल्यावानी होते," एवढंच म्हणाला. आता आमच्याकडे घाबरल्यासारखं होणं म्हणजे ऊन लागणं, पित्त चढणं, फार तर बीपी. त्यात भीतीचा संबंध येतच नाही. आईने कैरीचं पन्हं पाजलं, डोक्याला कांदा चोळला. तरी उतार पडेना, म्हणून मी त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं साफ. मी तर पेढे घ्यायलाच निघाले होते.

आणि आमच्या दारातून वाकून आत येणारा हा धिप्पाड माणूस बाकावर बसून रडायला लागला.

"काऊन रडून राह्यला रे? काहीच तं नाई निघालं!"

"ताई, घाबरल्यावानी नाई होत. मी घाबरतो. गोलात उभा राह्यलो का हातपाय गार पडते. आता परत खेळता येईन का नाई, मलेच ठाऊक नाई."

अंगावर आलेला बॉल छातीवर झेलणारा माणूस हे बोलत होता. आमच्या खानदानात 'मी घाबरतो' हे वाक्य याआधी कोणाच्याही तोंडून निघालं नव्हतं.

क्लबने नव्या मोसमापर्यंत त्याची जागा राखली आणि फोनवर बोलायला एक समुपदेशक बाई दिल्या. औषधं इथल्याच मानसोपचार विभागातून सुरू झाली. तिथल्या रांगेत ओळखीचे एक काका भेटलेच. नको तिथे भेटायची आमच्या ओळखीच्यांना भारी हौस.

"इकडं कोणाले घेऊन आला बे?"

मी काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात हा म्हणाला, "मलेच."

काका आपल्या हातातली चिठ्ठी वाचायला लागले. मला मात्र त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली.

हळूहळू तो पहाटे मैदानावर जाऊ लागला. एखाद्या दिवशी गोलाच्या खांबापर्यंत जाऊन परत यायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा. नवा मोसम जवळ आला. वर्धा स्टेशनवर गाडी लागली तेव्हा मी विचारलं, "आता तं नाई न घाबरत?"

"घाबरतो न," तो म्हणाला, आणि बॅग उचलून डब्यात चढला.