गिलान-बारे आणि वैनीचं जेवण

हा आजार मी आजवर कितीतरी जणांना सांगितला, पण दरवेळी अर्धाच. कुणाच्या घरी असा पेशंट निघाला की लोक माझं नाव सुचवतात, "त्यांना भेटा, ते यातनं उठलेत." मी तपासण्या सांगतो, उपचार सांगतो, धीर देतो. वैनीचा विषय जवळ आला की चहा मागवतो. या टाळाटाळीचा आता मलाच वीट आला आहे. म्हणून सगळं लिहितो.

निदान झालं ते कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं; जळालेल्या पंपांच्या मोटारी पुन्हा भरून द्यायचो. आधी पायांना मुंग्या आल्या. मग चालताना चप्पल निसटायची आणि मला कळायचंही नाही. पुढं हातातली पक्कड गळून पडायला लागली. हे मोलाचे दिवस तेलमालिश, लिंबू उतरवणं आणि पावण्यांचे सल्ले यांत गेले. प्रत्येकाकडं एक काढा होता. दवाखान्यात न्यायला मात्र कुणी उठेना.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. मग पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. त्याला लंबर पंक्चर म्हणतात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हा गिलान-बारे सिंड्रोम. मेंदूचे हुकूम हातापायांपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूंचा आजार आहे. मागच्या महिन्याभरात जुलाब झाले होते का?"

"झालते की," मी म्हणालो. "गावाकडं यात्रेला वैनीकडं जेवलो, तिथनंच सुरू झालं सगळं."

बायको शेजारी उभी होती. डॉक्टर वळल्याबरोबर म्हणाली, "ऐकलासा? डॉक्टरबी तेच इचारत्यात. तुमच्या ताटात कायतरी घातलंय त्या बाईनं."

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. राहायला शिरोळकडच्या आमच्या गावी. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून आम्हा भावांचं वर्षभर बोलणं बंद होतं, ते यात्रेच्या त्या जेवणानं मिटलं होतं. संशयाला जागा तयारच होती. अख्खी पंगत जेवली आणि पडलो मी एकटा, मग दुसरं काय असणार? बायकोला मी गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

त्या संध्याकाळी गिळता येईना, मग श्वास अपुरा पडायला लागला. घशात नळी घालून मला व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर ठेवलं. बोलणं बंद झालं. ऐकू मात्र सगळं यायचं, ही या आजाराची एक खोडी. वैनी डबा घेऊन आल्या तेव्हा बाहेरचं बोलणं मला ऐकू आलं.

"आता डब्यातनं काय आणलंसा?" बायकोनं विचारलं.

"अगं, शाळंत होतं तवापास्नं मी त्यास्नी खायला घालतोय," वैनी म्हणाल्या. "आन् आज मी इख घालीन व्हय?"

डबा उघडलाच नाही. तसाच परत गेला.

माझं प्लाझ्मा एक्स्चेंज केलं. रक्तातला द्रव भाग काढून टाकतात आणि त्याजागी दुसरा भरतात. नळी निघाली आणि फुटका का होईना आवाज आला, तेव्हा मी पहिला प्रश्न केला, "रक्तात काय होतं?"

"तुम्ही मोटारी भरता ना?" डॉक्टर म्हणाले. "तसंच समजा. तारेतलं तांबं शाबूत आहे, वरचं वार्निशचं आवरण खाल्लं गेलंय."

"कुणी खाल्लं?"

"तुम्हीच. जुलाबाच्या जंतूंना मारायला तुमच्या शरीरानं अँटीबॉडी तयार केल्या. त्या म्हणजे रक्तातले पहारेकरी. त्या जंतूंचं बाहेरचं रूप आणि तंतूंवरचं आवरण सारखं दिसतं. जंतू संपले आणि पहारेकरी घरच्याच माणसावर तुटून पडले."

"पंगतीत एवढी माणसं होती. मलाच का?"

"जंतू आणखी कुणाच्या पोटात गेलेही असतील. त्यांचं पोट बिघडलं असेल आणि सुधारलं असेल. शरीराची अशी चूक फार थोड्यांच्या बाबतीत होते. का होते, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. कोंबडी अर्धकच्ची खाल्ली होती का?"

मला लख्ख आठवलं. चुलीवरच्या पातेल्यातली कलेजी मीच पळीनं काढून खाल्ली होती. वैनी ओरडल्या होत्या, "भावजी, शिजू द्या की! कुठं पळून चाललीया ती?"

डॉक्टरांच्या कानावर बाहेरचा तमाशा गेलेला होता. म्हणाले, "ते विषबिष डोक्यातनं काढा. घरच्यांना मी समजावू का?"

"नको, मी सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगितलं नाही. तोवर माझ्या एका वाक्यावर दोन घरं भांडून बसली होती. ते वाक्य मागं घ्यायचं म्हणजे स्वतःला मूर्ख ठरवायचं. शिवाय आपल्याच अंगानं आपल्याला पाडलं यापेक्षा दुसऱ्या कुणीतरी पाडलं, हे पचायला सोपं जातं. पुढच्या यात्रेला वैनीच्या दारात घरच्यांखेरीज कुणी जेवायला आलं नाही, असं कानावर आलं. तेव्हाही मी गप्पच.

ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांना एवढंच सांगतो. पायांपासून वर चढणारी कमजोरी दिसली की काढे करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. बरं व्हायला वेळ लागतो, चिडचिड होते, पण बहुतेक जण उठतात. आणि डॉक्टरांनी जुलाबाबद्दल विचारलं, तर तो फक्त प्रश्न असतो. त्यात आरोपी शोधू नका.

काठी घेऊन चालता यायला लागलं तसा मी गावी गेलो. एसटीत बसून सबंध वाटभर वाक्य जुळवत होतो. वैनींनी पाट दिला, तब्येत विचारली. मग उठून बाहेर गेल्या आणि पदरानं धरून चहाची कपबशी घेऊन आल्या.

"शेजारच्या घरचा हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "बिनघोर प्या."

मी प्यालो. कप खाली ठेवला आणि म्हणालो, "चहा झक्कास झालाय."

पुढच्याच साली वैनी गेल्या. एसटीत जुळवलेलं वाक्य असं होतं: वैनी, तुम्ही माझ्या ताटात कधीच काही वाईट घातलं नाही, आणि हे मला दवाखान्यात असतानाच कळलं होतं.